सात पूर्णांक एक

हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, माझ्याच धंद्यातल्या मित्रांना नाही, आणि जिला सांगायला हवं होतं तिला तर नाहीच. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. किंवा कदाचित ओळखतही असाल. अंबरनाथला शिवमंदिराकडे जाणाऱ्या रस्त्यावर माझ्या क्लासचा बोर्ड आहे. निळा शर्ट, हाताची घडी, मिशीतल्या मिशीत हसणं. खाली लिहिलंय, 'केमिस्ट्रीची भीती? सर आहेत ना.' तो फोटो बघितला की माझं डोकं फिरतं. आणि रोज त्याच रस्त्याने जावं लागतं.

मुलं मला 'दोन पाणी सर' म्हणतात. माझ्या मागे म्हणतात, पण मला ठाऊक आहे. दरवर्षी द्रावणांचा धडा आला की मी फळ्यावर ऑक्झॅलिक ॲसिडचं सूत्र लिहितो आणि ओरडतो — बाटलीतल्या पावडरीत नुसतं ॲसिड नसतं, स्फटिकात पाण्याचे दोन रेणू अडकलेले असतात, त्यांचं वजन कोण धरणार, तुमचा काका? मग सगळी बॅच एका सुरात म्हणते, दोन पाणी. पालकांना याचं फार कौतुक. सर बेसिक पक्कं करून घेतात, असं म्हणतात. इतक्या वर्षांत एकाला तरी विचारावंसं वाटलं का, की एका पांढऱ्या पावडरीवर या माणसाचा एवढा राग का?

सुरुवात कुठून करू? सोप्या भागापासून करतो. चुकीपासून. चूक सांगायला माणसाला फारसं काही लागत नाही.

मी तेव्हा तिशीच्या आत होतो, उल्हासनगरच्या एका ज्युनियर कॉलेजात शिकवायचो. कॉलेजचं नाव घेत नाही, कारण जे केलं ते मी केलं. पर्मनंट व्हायचा होतो. बारावीची प्रॅक्टिकल परीक्षा होती आणि टायट्रेशनचा प्रयोग लागला होता. ज्यांचा केमिस्ट्रीशी संबंध आला नाही त्यांच्यासाठी सांगतो, यात समजायला अवघड काही नाही. एक द्रावण आम्ही आधी बनवून ठेवतो. ठरलेल्या पाण्यात ठरलेल्या वजनाची पावडर, म्हणजे त्याची तीव्रता पक्की माहीत. त्या दिवशीची पावडर ऑक्झॅलिक ॲसिडची होती. दुसरं द्रावण परमँगनेटचं, गडद जांभळं. ते ब्युरेट नावाच्या उभ्या काचेच्या नळीत भरायचं. नळीवर मिलिलिटरच्या रेघा असतात. पहिलं द्रावण दहा मिलिलिटर फ्लास्कमध्ये घ्यायचं, त्यात थोडं पातळ सल्फ्युरिक ॲसिड घालून गरम करायचं, आणि नळीतलं जांभळं पाणी थेंबाथेंबाने सोडायचं. थेंब पडतो आणि रंग नाहीसा होतो. पडतो आणि नाहीसा होतो. मग एक थेंब असा पडतो की फिका गुलाबी रंग राहतो, जात नाही. तिथे थांबायचं. नळीवरची रेघ वाचायची. ते रीडिंग. त्यावरून जांभळ्या द्रावणाची तीव्रता काढायची.

आता जे प्रत्येक कॉलेजात माहीत असतं आणि कोणी बोलत नाही ते. आमच्या लॅबमध्ये शिंदेमामा होते, लॅब असिस्टंट. परीक्षा चालू झाली की ते पाण्याची बाटली घेऊन टेबलांमधून फिरायचे आणि फिरता फिरता पुटपुटायचे — दहा. दहा. दहा. त्या वर्षी दोन्ही द्रावणं सारख्याच तीव्रतेची ठेवायची होती, म्हणून उत्तर दहा. बाहेरून आलेले परीक्षक तेवढा वेळ प्रिन्सिपलच्या केबिनमध्ये दालपकवान खात असायचे. आणि मी? मी खिडकीतून बाहेर बघायचो. आमच्या स्टाफरूममध्ये म्हणायची पद्धत होती, प्रॅक्टिकलचे मार्क म्हणजे घरचे मार्क. मीही म्हणायचो. हसत हसत म्हणायचो.

द्रावण मी स्वतः बनवलं होतं. मामांना वजनं करू द्यायचो नाही, माझा तसा तोरा होता. आदल्या दिवशी दुपारी तराजूपाशी उभा राहून मी मनातल्या मनात हिशोब केला. रेणूभार नव्वद, त्याचा अर्धा पंचेचाळीस, त्याचा दहावा भाग म्हणजे लिटरला साडेचार ग्रॅम. झालं. साडेचार ग्रॅम मोजले आणि पाणी घातलं. पण बाटलीतल्या पावडरीचा रेणूभार नव्वद नसतो, एकशे सव्वीस असतो. ते दोन पाणी. लिटरला सहा पूर्णांक तीन ग्रॅम लागतात. हे मी त्याच मुलांना वर्गात खडू आपटून शिकवलं होतं, आणि स्वतः विसरलो. म्हणजे टेबलांवर ठेवलेलं द्रावण बरंच पातळ होतं. त्याचं खरं उत्तर दहा येणं शक्यच नव्हतं. ते येणार होतं सात पूर्णांक एक.

एवढंच असतं तर मी हे लिहायला बसलो नसतो. वजनात चूक कोणाची होत नाही?

पण पुढे काय झालं ते बघा. अख्ख्या बॅचने दहा लिहिलं. कोणी दहा, कोणी दहा पूर्णांक एक, एखाद्या हुशार माणसाने नऊ पूर्णांक नऊ, म्हणजे खरं वाटावं म्हणून. यातल्या प्रत्येकाच्या फ्लास्कमध्ये सातच्या थोडं पुढे गुलाबी आलेला असणार. प्रत्येकाने तो डोळ्यांनी पाहिलेला असणार. आणि पाहूनही नळी तशीच चालू ठेवली असणार, फ्लास्कमधलं पाणी वांग्याच्या सालीसारखं होईपर्यंत. एकालाही हात वर करून विचारावंसं वाटलं नाही, की सर, हे असं कसं? आम्ही त्यांना तसं तयार केलं होतं. त्या मुलांचाही मला राग येतो, आजही, आणि मग माझ्या लक्षात येतं की ती सतरा वर्षांची होती आणि मी त्यांचा सर होतो.

एकीने सात पूर्णांक एक लिहिलं. तीन वेळा प्रयोग केला, तिन्ही वेळा सात पूर्णांक एक. तिचं नाव मनीषा.

मनीषा बदलापूरच्या पलीकडच्या एका गावातून यायची. वडिलांची भाताची शेती, दारात म्हशी. वर्गात कमी बोलायची, पण एकदा डबा खाताना तिने मला विचारलं होतं, सर, कंपनीच्या लॅबमध्ये काम करायला किती शिकावं लागतं? तिचा चुलतभाऊ अंबरनाथच्या एमआयडीसीत हेल्पर होता. त्याने तिला सांगितलं होतं की तिथे पांढरा कोट घातलेल्या मुली असतात, काचेच्या खोलीत बसतात, आणि त्यांची सही झाल्याशिवाय एकही ड्रम गेटबाहेर जात नाही. त्या सहीचं तिला फार अप्रूप वाटलं होतं. मी म्हटलं, बीएस्सी कर, केमिस्ट्री घे, तुझा हात चांगला आहे. आणि खरंच चांगला होता. ब्युरेटची तोटी तिच्याइतकी हळू फिरवणारं दुसरं कोणी त्या बॅचमध्ये नव्हतं. हे मी तिला म्हटलेलं वाक्य लक्षात ठेवा. मी विसरलेलो नाही.

शिंदेमामा येऊन माझ्या कानाशी लागले. सर, ती बदलापूरची पोरगी ऐकत नाय, सात सात करत बसलीय. मी तिच्या टेबलाशी गेलो. म्हटलं, माझ्यासमोर परत कर. तिने नळी भरली, द्रावण मोजलं, गरम केलं. फ्लास्क पांढऱ्या लादीवर ठेवून थेंब सोडायला लागली. सातच्या पुढे एक थेंब पडला आणि रंग राहिला. फिका, स्वच्छ गुलाबी. तिने तोटी बंद केली आणि माझ्याकडे पाहिलं.

मी तो रंग पाहिला. यात कुठे शंका ठेवू नका. चांगला पाहिला, आणि त्याच वेळी माझ्या डोळ्यांसमोर कालचा तराजू आला, साडेचार ग्रॅम आले, दोन पाणी आलं.

काय करता आलं असतं? अगदी साधं होतं. म्हणायचं होतं, थांबा, द्रावण माझ्याकडून चुकलंय, नवीन करून देतो, सगळ्यांनी परत घ्या. तासाभराचं काम. पण मग कोणीतरी विचारलंच असतं, की द्रावण चुकलं होतं तर बाकी सगळ्यांना दहा कसं आलं? याचं उत्तर एकच होतं आणि ते बाटली घेऊन टेबलांमधून फिरत होतं. कॉलेजची अब्रू, शिंदेमामांची नोकरी, माझं पर्मनंट होणं — सगळं त्या एका पोरीच्या फ्लास्कमध्ये येऊन बसलं होतं. मी हे कारण म्हणून सांगतोय. सबब म्हणून नाही. सबब ऐकायची मला स्वतःला चीड येते, रोज पोरांच्या ऐकतो.

तेवढ्यात परीक्षक केबिनमधून आले. वयस्कर सिंधी गृहस्थ होते, स्वभावाने गोड. टेबलावरून तिचा पेपर उचलून बघितला आणि म्हणाले, "साईं, इस बच्ची की तीनों रीडिंग सेम हैं. सलूशन एक बार चेक कर लो ना."

ऐकलंत? त्या माणसाने माझ्यासाठी दार उघडून धरलं होतं. मला फक्त 'हो' म्हणायचं होतं. चूक माझी आहे असंही म्हणायची गरज नव्हती, चेक करतो म्हटलं असतं तरी पुरलं असतं.

मी म्हटलं, "नहीं सर, सलूशन बराबर है. लड़की को कलर का प्रॉब्लेम है."

असं काही मी बोलेन हे मला त्या क्षणापर्यंत माहीत नव्हतं. बोललो आणि मग ते निभावायला लागलो. तिला म्हटलं, तोटी उघड. तिने उघडली. म्हटलं, अजून. नऊ झाले, दहा झाले, फ्लास्क गडद जांभळा झाला. मी तो उचलून सगळ्यांना दिसेल असा धरला आणि म्हटलं, हा एंड पॉइंट. हा तुला आधी दिसलाच नाही का? मुलं वळून बघायला लागली होती. मागे कोणीतरी फिसकन हसलं. मनीषा म्हणाली, "दिसला होता, सर. आधीच दिसला होता." हळू आवाजात, पण म्हणाली. आणि मी — मी तिला म्हटलं, "तुला काय दिसलं ते मी सांगतो तुला."

हे वाक्य मी बोललो आहे. शिक्षक होतो मी. पोरांना डोळे उघडे ठेवायला शिकवणं हे माझं काम होतं, त्याचा पगार घेत होतो, आणि एका मुलीने डोळे उघडे ठेवले म्हणून मी तिच्या डोळ्यांवरच उठलो.

परीक्षकांनी खांदे उडवले. तिच्या पेपरवर लाल रेघ मारून मी मार्क कापले. पोरांनी तिला 'आंधळी कोशिंबीर' म्हणायला सुरुवात केली, लेखी परीक्षेपर्यंत म्हणत होती. मी एकदा जिन्यात ऐकलं. ऐकून पुढे गेलो.

आता तुम्ही म्हणाल, वाईट केलंस, पण घाबरलास, तरुण होतास, एका परीक्षेपुरती गोष्ट. मलाही इथेच थांबायला आवडलं असतं. इतकी वर्षं मी स्वतःशी ही गोष्ट आठवतो ना, तेव्हा इथेच थांबतो. एवढं कबूल केलं की बरं वाटतं, म्हणून. पण ते याच्याही खाली आहे.

काही दिवसांनी तिचे वडील आले. लॅबच्या बाहेर पॅसेजमध्ये उभे होते. उंच, उन्हाने रापलेला माणूस, शर्ट इस्त्री केलेला. बहुतेक मुद्दाम इस्त्री करून आले होते. भांडायला आलेत असं मला वाटलं आणि मी आतल्या आत तयार झालो. ते भांडायला आलेच नव्हते. म्हणाले, "सर, पोरगी जेवत नाय. तिच्या डोल्यांना काय दोस हाय का? तुमी सांगा. तुमी सांगाल ता खरा."

तुमी सांगाल ता खरा. परीक्षा संपली होती. परीक्षक निघून गेले होते, पेपर सीलबंद होऊन गेले होते. तिथे मला कोणाची भीती नव्हती. पॅसेजमध्ये आम्ही दोघंच होतो. मी म्हणू शकलो असतो, तिचे डोळे ठणठणीत आहेत काका, परीक्षेत होतं असं कधी कधी. माझी चूक झाकूनसुद्धा म्हणता आलं असतं. फुकट होतं ते.

मी म्हटलं, हो, दोष आहे. फिकट रंगांतला फरक तिला कळत नाही. लॅबची लाईन तिला झेपणार नाही, उगाच बीएस्सीला घालू नका.

त्यांनी विचारलं, कल्याणला एक डोळ्यांचे डॉक्टर आहेत, त्यांना दाखवू का?

आणि मी म्हटलं, काही उपयोग नाही, हे जन्मजात असतं.

हे ते. हेच सांगायला बसलो होतो. मला पक्कं माहीत होतं की मुलींमध्ये असला दोष फार क्वचित असतो. मला हेही माहीत होतं की डॉक्टरने ठिपक्यांच्या चित्रांचं एक पुस्तक तिच्यासमोर उघडलं असतं तर दोन मिनिटांत सगळं बाहेर आलं असतं. म्हणून मी तो रस्ताच बंद केला. लॅबमध्ये जे बोललो ते पाचावर धारण बसली म्हणून बोललो. पॅसेजमध्ये शांतपणे, विचार करून बोललो. ते हात जोडून म्हणाले, बरा झाला तुमी सांगितला. आणि गेले.

मी पर्मनंट झालो. पुढे नोकरी सोडून क्लास काढला, तो चालला. बदलापुरात फ्लॅट घेतला. टेरेसवरून मनीषाच्या गावाकडचे डोंगर दिसतात.

मला वाटायचं, ती विसरली असेल. पोरं काय, विसरतात. काय सोयीचं असतं ना हे वाक्य?

या जूनमध्ये ॲडमिशनच्या गर्दीत एक बाई अकरावीतल्या मुलीला घेऊन आली. कपाळावर अजून कंपनीच्या टोपीचा वळ, हातात डब्याची पिशवी. मी ओळखलं नाही. तिनेच सांगितलं, "सर, मी मनीषा. तुम्ही माझे डोळे पकडले होते बघा प्रॅक्टिकलला."

पकडले होते. हाच शब्द तिने वापरला.

ती खूश होती मला भेटून. उभ्या उभ्या सगळं सांगत होती. बारावीनंतर आर्ट्सला गेली, शिकता शिकता लग्न झालं, आता एमआयडीसीत गोळ्यांच्या एका कंपनीत पॅकिंगला आहे, शिफ्टला शेअर रिक्षाने येते. मध्ये सुपरवायझरने तिला पॅकिंगवरून चेकिंगच्या टेबलावर घेतो म्हटलं होतं. तिथे बसून रंग बदललेल्या गोळ्या वेचून बाजूला काढायच्या, काम हलकं, मान जास्त. तिने स्वतःहून नाही म्हणून सांगितलं. "खोटं कशाला बोलायचं सर? औषधाचं काम आहे. मला फिका रंग कळत नाही, उद्या एखादी खराब गोळी गेली तर?" साडी घेतानाही ती मुलीला विचारते, हा अबोली का गुलाबी. मुलगी, तन्वी, शेजारी उभी राहून हसत होती. घरात हा जुना विनोद असणार.

आणि मग ती म्हणाली, "तुमच्यामुळे वेळेत कळलं सर. नाहीतर मी ॲडमिशन घेऊन फसले असते. आता हिला लॅबला जायचंय. हिचे डोळे तेवढे नीट बघा, माझ्यासारखे नसू देत."

तिने माझे आभार मानले. मी काय केलं असेल, सांगा बरं? मी म्हटलं, अगं त्यात काय, माझं कामच आहे ते. मिशीतल्या मिशीत हसलोही असेन, बोर्डावर हसतो तसा. वर म्हटलं, तन्वीची फी राहू दे. ती म्हणाली, नको सर, आम्ही भरू. आणि तिने भरली.

त्या दिवशी मी घरी जाऊन बायकोवर ओरडलो, भाजीत मीठ कमी होतं म्हणून. क्लासमध्ये एका पोराने रीडिंग मित्राचं बघून लिहिलं, तर मी त्याची वही खिडकीबाहेर फेकली. पालक म्हणाले, सर कडक आहेत, सरांना खोटं चालत नाही. मला खोटं चालत नाही. ऐकून मला त्यांच्या तोंडावर हसावंसं वाटलं, आणि मग कोणाची तरी गचांडी धरावीशी वाटली. कोणाची धरणार? आरशासमोर उभं राहून स्वतःची धरता येत नाही.

क्लासच्या मागच्या खोलीत मी छोटी लॅब केली आहे. गेल्या महिन्यात तन्वीच्या बॅचचं पहिलं टायट्रेशन होतं. तोच प्रयोग. ऑक्झॅलिक ॲसिड मी तोललं, सहा पूर्णांक तीन, दोनदा तोललं. मी नेहमी दोनदा तोलतो. संध्याकाळी मनीषा शिफ्ट सुटल्यावर मुलीला न्यायला आली होती आणि दाराशी उभी राहून बघत होती. आत ये म्हटलं तरी आली नाही. चपला धुळीच्या आहेत म्हणाली.

तन्वी नळीपाशी उभी होती. आईसारखाच हात, तोटी हळू फिरवणारा. थेंब पडत होता, रंग जात होता. पडत होता, जात होता. ती फार जवळून बघत होती, नाक फ्लास्कला लागेल इतकी, त्यामुळे तिला नीट कळत नव्हतं. मी बोलणार होतो, थोडी मागे हो म्हणून.

आणि दारातून मनीषा म्हणाली, "थांब. आला."

तन्वीने तोटी बंद केली. फ्लास्क पांढऱ्या लादीवर होता. रंग फिका होता. इतका फिका, की माझ्या आताच्या चष्म्यातून मलाही क्षणभर डोळे बारीक करावे लागले. पण आला होता. एका थेंबाचा गुलाबी. तो पलीकडे दारात उभ्या असलेल्या मनीषाला आमच्या दोघांच्या आधी दिसला होता.

मग ती जीभ चावून म्हणाली, "म्हणजे — मला काय कळतंय. तू सरांना विचार."

तन्वी माझ्याकडे बघायला लागली. मनीषाही बघत होती, तशीच, खूप वर्षांपूर्वी तोटी बंद करून बघत होती तशी. तेव्हाही मला एकच शब्द बोलायचा होता. आताही एकच बोलायचा होता.

मी म्हटलं, "बरोबर. आला." ते मी तन्वीकडे बघून म्हटलं. मनीषाने सुस्कारा सोडला, म्हणाली, बरं झालं बाई, हिचे डोळे चांगले आहेत. मी मान हलवली. रिक्षा भरली की निघून जाईल म्हणून दोघी घाईने गेल्या.

फ्लास्क मी धुतला नाही. फिका गुलाबी हळूहळू जातो, थोडा वेळ ठेवला की पाण्यासारखं पाणी होतं. तो जाईपर्यंत मी तिथे बसून होतो.

तुझे डोळे चांगले आहेत, मनीषा. तेव्हाही होते. तुझं रीडिंग सात पूर्णांक एक होतं आणि ते बरोबर होतं. हे मी तुम्हाला सांगितलं. तिला अजून सांगितलेलं नाही.